उशिराची अंडी

मागची खेप अख्खीच्या अख्खी मेली, तेव्हापासून अंडी उबवायच्या मशीनच्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सहाशे अंडी होती. एकविसाव्या दिवशी दार उघडलं तर आत चिवचिव नाही, नुसता कोंदट वास. आत्यानं ती अंडी एकटीनं पाट्यांत भरली, बांधाकडेला खड्डा केला आणि पुरून टाकली. कुणाला हात लावू दिला नाही.

ती का मेली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारची वीज चार-चार तास जायची. वीज गेली की मशीनच्या खालच्या, वेगळं दार असलेल्या कप्प्यात गरम पाण्याचे डबे सरकवायचे आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर बघायचा. पारा वर चढला तर झरोका उघडायचा, खाली आला तर झाकायचा. हे काम दोघींचं, आत्याचं आणि फुलीचं. पण त्या दिवशी फुलीची प्रवेश परीक्षा होती. आत्या एकटी बसली. उकाड्यात तिचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा पारा एकशे पाचावर होता.

संध्याकाळी फुली घरी आली तेव्हा आत्यानं आधी विचारलं होतं, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला."

"मग झालं तर," असं म्हणून आत्या पुन्हा मशीनच्या खोलीत गेली होती.

फुली हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंडी मशीनमध्ये लावायच्या आधी प्रत्येकाच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला शून्य काढायचं असतं, म्हणजे फिरवताना कुठलं राहिलं ते लगेच दिसतं. सहाव्या वर्षापासून हे काम तिच्याकडे होतं. शिसपेन्सिलीनंच काढायचं, शाई कवचातून आत उतरते. कानावर पेन्सिल आणि मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन बसलेल्या त्या पोरीला आत्यानं एकदा फुली म्हटलं आणि ते नाव चिकटलं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव फक्त फॉर्म भरताना लागायचं.

फॉर्म होता जनावरांच्या डॉक्टरकीचा. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तो आणून दिला होता आणि घरी येऊन बाबांना तासभर समजावलं होतं. बाबा "हो, हो" म्हणत टेंपोचं चाक आवळत राहिले. शेवटी आत्याच पुढे झाली. "भर ग फॉर्म. माझा फोन नंबर घाल." घरात चालू फोन तेवढा एकच होता. पिल्लांच्या ऑर्डरी त्याच्यावर यायच्या, म्हणून तो कायम आत्याच्या कमरेला. पासवर्ड काय ठेवायचा यावर दोघी खूप हसल्या होत्या. शेवटी मशीनचं तापमान ठेवलं, साडेनव्याण्णव, आणि पुढे पिल्लू. विसरायला नको म्हणून फुलीनं तो तापमानाच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवला. कार्ड मशीनच्या दाराला दोऱ्यानं बांधलेलं असायचं.

ही नवी खेप लावली त्याला आज चौदा दिवस झाले होते. यादी लागायची तारीख दोनदा पुढे गेली होती.

"आत्या, आलं का काही?"

"आलं की सांगीन. शांत राहा."

चौदाव्या दिवशी अंडी दिव्यावर बघायची असतात. खोलीची खिडकी गोणपाटानं झाकली. पत्र्याच्या डब्यात दिवा, डब्याला अंड्याच्या बुडाएवढं भोक. आत्या एकेक अंडं भोकावर धरायची आणि फुली बघून सांगायची. आत्याचे डोळे आता बारीक काही धरत नव्हते, पण ते ती मान्य करत नसे. "मी बघितलंय, तुझी परीक्षा घेतेय," म्हणायची.

"जिवंत. जिवंत. हे मेलंय, रक्ताचं कडं दिसतंय."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. शिरा तुटल्यात."

आत्यानं ते अंडं बाजूला ठेवलं. पुढच्या अंड्यात काळसर गोळा होता आणि तो एकदम हलला. फुलीला दर वेळी या जागी हसू यायचं.

"काय दात काढतेस?"

"हा लाथा मारतोय."

"तुझ्यासारखा आहे. निघायची घाई." आत्यानं अंडं ट्रेमध्ये ठेवलं. "पण बघ, त्याला कुणी विचारत नाही कधी येणार म्हणून. ऊब द्यायची, ओल द्यायची, फिरवायचं. बाकी त्याचं तो बघतो. तू पण तसंच कर. बोटांना काम दे, डोक्याला देऊ नकोस."

"डोकं ऐकत नाही ना. काल शंभरपर्यंत मोजलं, तरी मधेच यादी दिसते."

"मग दोनशेपर्यंत मोज. अंडी सहाशे आहेत, कमी पडायची नाहीत."

फुलीनं ते खरंच करून बघितलं. दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची. फुलीची बाजू वर असली की शून्य वर करायचं, शून्य असलं की फुली. प्रत्येक अंड्याला एक श्वास. तिसऱ्या ट्रेपर्यंत छातीतली धडधड खाली यायची आणि पाचव्या ट्रेला ती नुसती बोटं होऊन जायची. चार दिवसांत तिला ते जमायला लागलं. यादी लागेल, नाव असेल किंवा नसेल, तोवर इथं साडेनव्याण्णव राखायचं. असं कधी जमेल हे तिला स्वतःलाच खरं वाटलं नसतं.

सतराव्या दिवशी घाईवाला आला. ओढ्यापलीकडच्या मोठ्या कोंबडी-शेडचा मालक. मोटारसायकल बंद न करताच बोलायचा, म्हणून हे नाव.

"काय आत्याबाई, या खेपेला पिल्लं की पुन्हा खड्डाच?"

"मोटारसायकल बंद करा, मग सांगते. अंड्यांना हादरे बसतात."

"माझी शेड दीड महिना रिकामी आहे. मोठ्या रस्त्यावरचा तो कारखाना गाडीनं घरपोच देतो म्हणे. मी जुनी ओळख म्हणून थांबलोय, पण किती दिवस?"

"एकविसाव्या दिवसापर्यंत," आत्या म्हणाली.

"आणि त्याआधी या पोरीची आणखी एखादी परीक्षा निघाली तर?" तो हसला आणि निघून गेला. आत्या हसली नाही. मोटारसायकलचा धूर विरेपर्यंत ती रस्त्याकडे बघत उभी होती.

अठराव्या दिवशी सकाळी अंडी फिरवणं बंद होतं. ती आडवी करून खालच्या मोठ्या ट्रेमध्ये मांडायची, पाण्याच्या थाळ्या काठोकाठ भरायच्या आणि दार लावायचं. मग पिल्लं निघेपर्यंत ते उघडायचं नाही. उघडलं तर आतली ओल उडते, कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो आणि ते आतल्या आत गुदमरतं. घराचा हा एकच नियम होता, ज्यावर आई, बाबा, आत्या यांच्यात कधी वाद झाला नाही. या तीन दिवसांत कुणी घर सोडून जायचं नाही, पाहुण्यांना सांगायचं येऊ नका, आणि मशीनच्या खोलीत पायताण घालायचं नाही.

दार लावून झाल्यावर आत्या नेहमीसारखी पाण्याच्या टाकीवर चढली. फोनला इंटरनेटची रेंज तिथेच यायची. बराच वेळ ती वरच होती. खाली आली तेव्हा फुली डब्यांसाठी पाणी तापवत होती.

"आलं का काही?"

आत्या चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "आलं की सांगीन ना ग."

त्या दुपारी आत्यानं तिला आपलं स्टूल दिलं. मशीनच्या काचेसमोरचं, गादी बांधलेलं. त्यावर आजवर आत्याशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. आईनं जेवणाचं ताट तिथेच आणून दिलं, आणि परत जाताना काही कारण नसताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "लई दमतेस," एवढंच म्हणाली. फुलीला वाटलं, मागच्या खेपेमुळे सगळे हळवे झालेत.

मग तीन दिवस भट्टीत गेले. वीज एकला जायची ती पाचला यायची. पत्रा तापून खोलीत डोळे चुरचुरायचे. डबे उचलून उचलून फुलीच्या डाव्या मनगटावर फोड आला, फुटला, त्यावर तिनं फडकं बांधलं. अठ्ठ्याण्णव. डबा सरकव. शंभर. झरोका उघड. भिंतींवर ओली पोती टाक. पोती तासात वाळायची. आत्या आणि ती आलटून पालटून बसायच्या, पण आत्याची पाळी आली तरी फुली तिथेच खाली लादीवर पडून राहायची, तिचा डोळा लागला तर आपण असावं म्हणून. आत्याला हे समजत होतं.

विसाव्या दिवशी सकाळी फुलीनं मशीनला कान लावला. आतून टकटक येत होती, घड्याळ कापडात गुंडाळून ठेवल्यासारखी. मग एका अंड्यातून बारीक चिवचिव, आणि तिला दुसऱ्या अंड्यातून उत्तर. कवच अजून फुटलेलंही नव्हतं.

"आत्या! बोलतायत!"

आत्या आली, तिनंही कान लावला. दोघींची तोंडं समोरासमोर, मध्ये वीतभर पत्रा. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, एक सांगू? मला आता घाई नाही. खरंच. आलं तर आलं. तू म्हणायचीस ते आत्ता कळलं."

आत्यानं कान काढला. "बघ पाणी तापलं का," म्हणाली आणि स्वतःच बाहेर गेली.

एकविसाव्या दिवशी दुपारी काचेआड पिवळ्या-करड्या पिल्लांची झुंबड उडाली. कवचाला गोल चीर पाडत एकेक जण धडपडत बाहेर यायचं, ओलंगिच्च, तास दोन तास निपचित पडायचं, मग फुलायचं. चारच्या सुमाराला बहुतेक पिल्लं कोरडी झाली होती. फुलीनं पाट्या आणून ठेवल्या, त्यात भुसा पसरला.

"उघडू या ना आता?"

"थांब जरा," आत्या म्हणाली. "थोडी आणखी सुकू देत."

"सुकली की."

"थांब म्हटलं ना!"

आवाज चढलेला ऐकून फुली पाटीतला भुसा पुन्हा सारखा करू लागली. आत्या टाकीवर गेली. उतरली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि डोळे सुजल्यासारखे. "ऊन लागलं," म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. मग मशीनसमोर येऊन म्हणाली, "आज तू उघड दार."

आजवर दार आत्याच उघडत आली होती. फुलीनं फडक्याला हात पुसले, खिट्टी ओढली, आणि ओला गरम वारा तिच्या तोंडावर आला. पाचशे तीस पिल्लं निघाली. राहिलेली एकतीस अंडी होती तशी ठेवून आत्यानं दार पुन्हा लावलं. उशिराच्या अंड्यांना ती नेहमी एक दिवस जास्तीचा द्यायची. फुलीनं सवयीनं कार्डावर नोंद केली: दार उघडलं, पाच वाजून दहा मिनिटं.

बाविसाव्या दिवशी सकाळी बाबांनी टेंपो मागे घेतला. पाट्या चढवताना त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा सैल झालेला होता.

"तो घाईवाला बघ आता कसा गप्प होतो ते," ते म्हणाले. मग पाटी सरकवता सरकवता, "काय मग डॉक्टरीणबाई, सांगितलं ना आत्यानं?"

"काय?"

बाबांचा हात पाटीवरच राहिला. "नाही सांगितलं? खेप निघाली की सांगते म्हणाली होती. अग, लागलं नाव तुझं. पहिल्याच यादीत. पहिलंच कॉलेज."

फुलीला आधी फक्त आनंदच झाला. तो इतका मोठा होता की बाकी काही आत शिरायला जागा नव्हती. तिनं बाबांना मिठी मारली, पाटीतली पिल्लं कलकलली. "कधी लागलं? कधी?"

"परवा... नाही, दार लावलं ना आपण, त्या दिवशी. मीच म्हटलं, तिला सांगितलं तर उड्या मारत सुटेल, मशीनकडे लक्ष राहायचं नाही. तुझ्या आईलाही म्हटलं गप्प बस. तीन दिवसांचा तर प्रश्न."

आई ओसरीवर उभी राहून हसत होती. सगळ्यांना माहीत होतं. ताट, स्टूल, डोक्यावरचा हात. तरी फुली अजून हसत होती. हसतच ती आत्याकडे गेली आणि हात पुढे केला. आत्यानं फोन कमरेचा काढून दिला. टाकीवर चढून तिनं पासवर्ड घातला आणि पान उघडलं. वर तिचं दाखल्यावरचं नाव. खाली कॉलेज. त्याच्या खाली बारीक अक्षरांत: पहिल्या पसंतीची जागा मिळालेल्या उमेदवाराने दिलेल्या मुदतीत होकार न कळवल्यास त्याचे नाव यापुढील सर्व याद्यांतून वगळण्यात येईल. मुदत काल संध्याकाळी पाचपर्यंत होती. होकाराच्या जागी आता काहीच नव्हतं, राखाडी पट्टी होती.

ती टाकीवरून उतरली कशी, ते तिला आठवत नाही.

"आत्या, काल पाचपर्यंत होतं."

"एका दिवसानं काय होतंय?" आत्या पिल्लांना पाणी ठेवत होती, वर बघितलं नाही. "उशिराची आपण ठेवतोच की एक दिवस. ते एवढं मोठं कॉलेज, त्यांना कळणार नाही? चल, मी येते, सांगते त्यांना. मला काय कळतंय त्या फोनमधलं?"

शहर बसनं तासाभरावर. प्रवेशाच्या केंद्रात पंख्याखाली लांबच लांब बाक होते. दोघी जाऊन बसल्या तशी शेजारची मुलगी थोडी सरकली, मग उठून पलीकडे गेली. फुलीनं आपल्या बाहीचा वास घेतला. सकाळी कपडे बदलायचे राहून गेले होते, केसात पिवळी लव अडकलेली होती. खिडकीतल्या कारकुनानं नाकाला रुमाल लावला नाही, पण टेबलावरचा पंखा मात्र त्यांच्याकडे वळवला.

"मुदत संपली ना बाई."

"साहेब, आमच्याकडे रेंज नाही," आत्यानं सुरुवात केली. "आम्हाला मेसेजच नाही आला. आज कळलं. हो ना ग?"

आत्यानं तिच्या दंडाला हात लावला. "सांग ना ग साहेबांना."

"नाही आला," फुली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खोटी नोंद केली.

कारकून वाईट माणूस नव्हता. "असं असेल तर तांत्रिक अडचण म्हणून अर्ज घेता येतो. वर पाठवतो, दोन दिवसांत जागा परत मिळालेली मी बघितली आहे. एकदाही पान उघडलेलं नसलं पाहिजे, एवढंच. नंबर सांगा." त्यानं टंकलं, वाट बघितली, चष्मा वर सारला. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला. "हे काय? तीन वेळा उघडलंय की. आजचं सोडून."

पडद्यावर तीन ओळी होत्या. अठरावा दिवस, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. विसावा दिवस, सकाळी आठ चाळीस. एकविसावा दिवस, संध्याकाळी चार पंचावन्न.

तारखा वेगळ्या लिहिल्या होत्या, पण फुलीला दिवस असेच दिसले. विसाव्या दिवशी सकाळी आठला पिल्लं पहिल्यांदा बोलली होती.

"पुढच्या वर्षी भरा फॉर्म," कारकून म्हणाला. "मार्क चांगले आहेत मुलीचे. पण खोटं बोलू नये, बाई. मुलीसमोर तरी." त्यानं पुढच्याला हाक मारली.

बस यायला वेळ होता. थांब्याच्या सावलीत एकाच माणसापुरती जागा होती. आत्यानं ती तिला दिली आणि स्वतः उन्हात उभी राहिली. फुली सावलीत गेली नाही. दोघी उन्हातच राहिल्या.

"चार पंचावन्नला तू टाकीवर होतीस."

"हो."

"मला म्हणालीस ऊन लागलं."

आत्यानं पदर डोक्यावर घेतला.

"होकाराचं बटण दिसलं असेल मग."

"हिरवं होतं," आत्या म्हणाली.

फुलीला रडू आलं नाही. ते कुठेतरी आतच अडकून बसलं.

"बोट ठेवलं होतं ग मी त्याच्यावर. देवाशपथ ठेवलं होतं. म्हटलं, दाबलं की ही गेली. पुढची खेप, त्याच्या पुढची. माझ्या डोळ्यांना रक्ताचं कडं दिसत नाही आता. तो खड्डा मी कसा काढला ते माझं मला माहीत. तुझा बाबा टेंपो चालवेल, तुझी आई पाट्या धुवेल. पारा कोण बघणार? म्हटलं, एक वर्ष. एक वर्षच फक्त."

"मग मला सांगायचं होतंस. मी थांबले असते कदाचित."

"नसतीस थांबली."

फुली विचार करू लागली. उत्तर तिला माहीत होतं.

"नसते थांबले," ती म्हणाली. "पण मी ठरवलं असतं."

बस आली. दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

घरी पोचेपर्यंत चार वाजले होते. घाईवाला अंगणात मोटारसायकल चक्क बंद करून उभा होता, हात जोडून. "मानलं आत्याबाई तुम्हाला! एक पिल्लू लंगडं नाही. पुढच्या खेपेचं आत्ताच पक्कं धरा माझं." बाबा हसत होते. त्यांनी दोघींचे चेहरे बघितले आणि हसणं हळूहळू विझलं. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. आत्या आत निघून गेली. "तिला विचारा," फुली म्हणाली. बाबांनी आत जाऊन विचारलं असावं, कारण थोड्या वेळानं आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई बाहेर आली, फुलीजवळ उभी राहिली, डोक्याकडे हात नेला. फुलीनं मान बाजूला घेतली.

मशीनच्या खोलीत पायताण काढून ती शिरली. वीज गेलेली होती, पारा साडेअठ्ठ्याण्णववर आला होता. तिनं झरोका झाकला, एक डबा सरकवला. हात आपोआप चालले, त्याचा तिला राग आला. दाराला कार्ड लोंबत होतं. ते उलटं करून तिनं मागचा पासवर्ड खोडरबरानं पुसला, कागद पातळ होईपर्यंत. मग गोणपाट खिडकीवर ओढलं, पत्र्याच्या डब्यात बॅटरी लावली आणि उशिराची एकतीस अंडी एकेक करून भोकावर धरू लागली.

काळं. गच्च काळं, हालचाल नाही. मेलेलं. पुढचं. मेलेलं.

पावलं वाजली. आत्या दारात येऊन थांबली. आत यायला तिचा पाय उचलला नाही. आजवर अंडं आत्या धरायची आणि फुली बघायची. आज दोन्ही कामं फुलीच करत होती.

"फेकून दे म्हणाला तुझा बाबा," आत्या हलकेच म्हणाली. "बावीस दिवस झाले."

फुलीनं पुढचं अंडं धरलं. तेरावं असेल. वरच्या पोकळीत, जिथे फक्त हवा असते, तिथे टोकदार सावली होती. चोच. ती थरथरली, थांबली, पुन्हा एकदा आतून कवचाला लागली. फुलीनं अंडं कानाशी नेलं. टक. मग खूप वेळानं, टक.

"आहे का ग एखाद्यात जीव?" आत्यानं विचारलं. उंबऱ्याबाहेरून ती मान लांबवून बघत होती, पण त्या अंधारात तिच्या डोळ्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. "फुली? हललं का काही?"

फुलीनं ते अंडं परत ट्रेमध्ये ठेवलं. फुलीची बाजू वर. थाळीत पाणी घातलं, दार लावलं, खिट्टी ओढली. कानावरची पेन्सिल काढून कार्डावर वेळ लिहिली, पारा लिहिला. मग गादीचं स्टूल काचेसमोर ओढून त्यावर बसली.

"आलं की सांगीन," ती म्हणाली. "शांत राहा."

आत्या दारातच उभी राहिली. आत टकटक चालू होती. ती ऐकायची तर पत्र्याला कान लावावा लागतो, आणि पत्र्याजवळ फुली बसली होती.